पिसाचा पैसा: आमची वाटचाल

दोन किलोच्या जिवंत कोंबडीवर साधारण 100 ते 140 ग्रॅम पिसं असतात. दिवसभरात साठलेली ही पिसं रात्री कुठे जातात, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडत नाही, दुकानदाराला रोज पडतो. माझ्या दिराचं नागपुरात चिकनचं दुकान आहे. पिसांचे ओले कट्टे उचलून नेण्यासाठी तो वरून पैसे मोजायचा. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, तेव्हा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. म्हणून तो मलाच विचारायचा, "वहिनी, कोंबडीचा पैसा होते, पिसाचा काहून नाही होत?" त्यातूनच बुरशीच्या मदतीने पिसांचं खत करायचं आम्ही ठरवलं.

पिसाचा सुमारे 90 टक्के भाग म्हणजे केराटिन. केसांत, नखांत, शिंगांत असतं तेच प्रथिन. त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना घट्ट जखडलेल्या असतात, त्यामुळे पोटातली पेप्सिन, ट्रिप्सिनसारखी विकरंही (एन्झाइम) पिसापुढे हात टेकतात. मातीतल्या काही बुरशींना मात्र ते जमतं. त्या आधी सल्फाइट सोडून गंधकाचा बंध तोडतात आणि मग प्रथिन कापणारी विकरं कामाला लावतात.

अशी बुरशी पकडायची युक्ती व्हानब्रोसेघेम या बेल्जियन शास्त्रज्ञाने 1952 साली सांगितली: ओलसर मातीवर निर्जंतुक केलेले केस पसरून ठेवायचे. ज्या बुरशीला केस पचतात, ती त्यांच्यावर उगवते. आम्ही केसांच्या जागी पिसं ठेवली. माती आणली कळमेश्वर, उमरेडकडच्या पोल्ट्री शेडांच्या मागून. तीन-चार आठवड्यांत बशांमध्ये पांढरी लव दिसू लागली.

त्यात मायक्रोस्पोरम जिप्सियमही निघाली. पिसं फस्त करण्यात ही पटाईत, पण माणसाला गजकर्णही तीच देते. लॅबमध्ये पेशंटच्या चट्ट्यांवरून खरवडून मी ज्या जातीच्या बुरशी बघत होते, त्यांचीच ही बहीण! ती सरळ ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या भांड्यात गेली. जाणकारांकडून ओळख पटवून आम्ही क्रायसोस्पोरियम इंडिकम ही दुसरी बुरशी ठेवली. तिच्यासोबतही हातमोजे आणि मास्क लागतातच. जी बुरशी पीस खाते तिला नखाचं वावडं नसतं.

खरी परीक्षा नागपूरच्या उन्हाळ्याने घेतली. या बुरशीला 28 ते 30 अंश मानवतात आणि इथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. शेवटी उपाय घरचाच: वाळ्याच्या टट्ट्यांचे मोठे कूलर. पिसं आधी उकळत्या पाण्यातून काढायची म्हणजे रक्त, चरबी आणि इतर जंतू जातात. मग बुरशीचं बी टाकून ट्रेमध्ये पातळ थर द्यायचा. जाड थर लावला की तो आतून तापतो आणि बुरशी मरते. काम चालू आहे की नाही ते पीएच पट्टी सांगते: प्रथिन फुटलं की अमोनिया सुटतो आणि पट्टी निळसर होते. पिसाचे बारीक तंतू आधी विरतात, दांडा मात्र चिवट. तो बोटांत कडकन मोडला की ट्रे रिकामा करायचा.

पिसात नत्र भरपूर आणि कार्बन कमी, म्हणून पुढच्या, खत कुजवायच्या ढिगात सोयाबीनचं कुटार (भुसा) आणि पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा भुगा मिसळतो. कुटार कमी पडलं तर अमोनियाच्या वासाने शेजारचा गाळेवाला बरोबर दारात येतो. हा ढीग मात्र मुद्दाम 55 अंशांच्या वर तापू देतो, म्हणजे उरलेले रोगजंतूही संपतात आणि आमची बुरशीही. खतात जिवंत बुरशी विकायची आमची इच्छा नाही.

विक्री हा वेगळाच डोंगर. खतात दांड्यांचे तुकडे दिसले की शेतकरी म्हणतो, "ताई, हे तं कच्चंच आहे." ते तुकडे मातीत हळूहळू विरतात आणि नत्रही हळूहळूच सुटतं, हे ऐकायला त्याला सवड नसते. 45 किलोची युरियाची गोणी तीनशे रुपयांच्या आत मिळत असताना त्याने आमचं ऐकावं तरी का? काटोलकडचे संत्र्याच्या कलमांचे नर्सरीवाले आणि शहरातले गच्चीवर भाजी लावणारे, हे आमचे पक्के गिऱ्हाईक. कपाशीवाल्यांकडे सध्या आम्ही जातच नाही.