न्यूरबर्गरिंगचा एक शनिवार, त्यातला बहुतेक पार्किंगमध्ये

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी कॉलर पकडायला नको. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग या प्रसिद्ध रेसट्रॅकवर गाडी मी चालवली नाही. मित्राने चालवली, मी शेजारी बसून फूटमॅटवर नसलेला ब्रेक दाबत होतो. तरीपण लिहितोय, कारण स्पोर्ट्स कारवाली मंडळी म्हणजे नुसता स्पीड, आवाज आणि शायनिंग अशी माझी जी समजूत होती ती त्या एका शनिवारी बरीचशी उतरली. हे लोक गाडी चालवतात कमी आणि गाडीपाशी उभे जास्त राहतात, आणि खरी मजा त्यांना तिथेच येते असं माझं आता ठाम मत झालंय.

मित्र कोलोनला असतो. त्याची गाडी टोयोटा जीटी८६, दोनशे हॉर्सपॉवर, मागच्या सीट नावापुरत्या, म्हणजे बॅग ठेवली तरी बॅगेने तक्रार करावी. गाडीच्या नंबरप्लेटच्या उजव्या कडेला बारीक अक्षरात एकाखाली एक ०४ आणि १० असं छापलंय. मला आधी वाटलं काहीतरी आरटीओ कोड असेल. तर जर्मनीत सीझनची नंबरप्लेट मिळते, ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबरच रस्त्यावर येणार, टॅक्स आणि इन्शुरन्स तेवढ्याच महिन्यांचा, आणि बाकीचे पाच महिने ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी करायलाही परवानगी नाही. त्यामुळे मार्च महिना या लोकांना फार जड जातो म्हणे. गॅरेजमध्ये जाऊन कव्हर काढायचं, बघायचं, परत घालायचं.

शुक्रवारी संध्याकाळी मी पोचलो तर हा खाली गाडीचं चाक काढून बसलेला. ब्रेक फ्लुइड बदलणं चाललं होतं. हे दरवर्षी का करतोस विचारलं तर अर्धा तास ऐकावं लागलं, पण गोष्ट खरी आहे: ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं. नवीन डॉट ४, म्हणजे या गाडीतल्या ब्रेक फ्लुइडचा प्रकार, किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की स्टँडर्डमध्येच ती मर्यादा १५५ वर आलेली चालते. रोजच्या ऑफिसला जाण्यायेण्यात ब्रेक इतके तापतच नाहीत त्यामुळे कळतही नाही, पण उतारावर एकामागून एक जोरात ब्रेक लागले की फ्लुइड उकळतं, त्यात बुडबुडे होतात, पेडल मऊ पडतं आणि पाय थेट तळाला जातो. तर शुक्रवारची रात्र यात गेली, मग टॉर्क रेंचने चाकाचे नट, आणि मग बायको वरून हाका मारतेय म्हणून जेवण.

सकाळी ए६१ हायवेने निघालो. आयफेलचा डोंगराळ भाग सुरू झाला की रस्त्यावरच्या गाड्या बदलायला लागतात, आधी एखादी पोर्शे, मग दोन बीएमडब्ल्यू एम३, मग एक गोल्फ जिच्या मागच्या सीटच काढून टाकल्यात आणि त्या जागी रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारा लोखंडी सांगाडा, बसवलाय. न्यूरबुर्ग गावाच्या टेकडीवर जुना किल्ला आहे, त्याच्याभोवतीच हा ट्रॅक १९२७ मध्ये बांधून पूर्ण झाला. नॉर्डश्लायफ म्हणजे त्यातला उत्तरेकडचा लांब वळसा, २०.८३२ किलोमीटर, सत्तरच्या वर वळणं, आणि सर्वात खालच्या आणि वरच्या जागेत जवळपास ३०० मीटरचा चढउतार. गंमत अशी की पब्लिकसाठी उघडा असतो तेव्हा हा कायद्याने रेसट्रॅक नसतोच, एकेरी वाहतुकीचा टोल रोड असतो. टोल भरा, बॅरियर उघडेल, जा. जर्मनीचे नेहमीचे वाहतुकीचे नियम लागू, उजव्या बाजूने चालवायचं, ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि लॅपचा, म्हणजे एका पूर्ण फेरीचा टाइम मोजायला बंदी. शेवटचा नियम किती जण पाळतात ते विचारू नका.

आता पार्किंग. इथे मी तासन्‌तास घालवले आणि इथलंच जास्त लक्षात आहे.

प्रत्येक गाडीच्या शेजारी जमिनीवर सामानाचा ढीग. बॅगा, पाण्याच्या बाटल्या, जॅक, स्पेअर चाक, छत्र्या, कारण ट्रॅकवर जाताना गाडीत सुटी वस्तू ठेवायची नाही, एखादी बाटली घरंगळत पेडलखाली गेली की संपलं. आणि ढीग तसाच उघड्यावर टाकून लोक खुशाल लॅपला जातात, कोणी हात लावत नाही. एका स्टेशन वॅगनवाल्याने तर लहान मुलाची सीट काढून गवतावर ठेवली होती, त्या सीटमध्ये मूल बसलेलं, शेजारी त्याची आई पुस्तक वाचत होती आणि बाप हेल्मेट घालून रांगेत. तीच गाडी सोमवारी पाळणाघराच्या दारात उभी असणार.

मला अपेक्षा होती की कोणाची गाडी किती महाग, टॉप स्पीड किती, असल्या गप्पा चालतील. नाही. पहिला प्रश्न टायरचं प्रेशर किती ठेवलंयस. टायर तापला की आतली हवा प्रसरण पावते, दर दहा डिग्रीला साधारण ०.१ बार वाढतं, त्यामुळे लोक लॅप मारून येतात, धावत जाऊन गेज लावतात, फुस्स करून थोडी हवा सोडतात आणि आकडा वहीत लिहून ठेवतात. हो, वहीत. एक सत्तरीचे आजोबा जुनी एअर कूल्ड पोर्शे ९११ घेऊन आले होते, त्यांच्या वहीत तारीख, हवामान, तापमान, प्रेशर सगळं सुबक अक्षरात. शेजारी वीस-बावीसचा पोरगा, सेकंडहँड स्विफ्ट स्पोर्ट घेऊन आलेला, आणि हे दोघं बरोबरीच्या नात्याने वाद घालतायत, पुढच्या टायरला जास्त की मागच्या. आजोबांची गाडी त्या पोराच्या गाडीच्या कित्येक पट किमतीची असेल, पण त्या वादात पोरगा वरचढ होता.

अजून एक गोष्ट, ट्रॅकवरून आलेल्या एकाही गाडीला हँडब्रेक लावलेला नसतो. तापलेले ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबून धरले की पॅडचं मटेरियल एकाच जागी चिकटतं आणि नंतर ब्रेक थरथरतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवायची. हे मित्राने मला उतरायच्या आधीच बजावून सांगितलं, जणू मीच उडी मारून हँडब्रेक खेचणार होतो.

मग आमचा लॅप. बॅरियर उघडला, लांब सरळ रस्ता, अंटोनियसबुखं आणि नंतर हात्सेनबाखची वळणं सुरू झाली तशी माझी बडबड बंद झाली. व्हिडिओत हा रस्ता सपाट दिसतो. अजिबात नाही. फुक्सरोअरंला गाडी उतारावरून अशी खाली जाते आणि तळाला अशी दाबली जाते की मान छातीत गेल्यासारखी वाटली, आणि लगेच पुढे चढ आणि एक फसवं वळण. मित्र मात्र मजेत. सगळा वेळ त्याचं अर्धं लक्ष आरशात, कारण मागून येणारी पोर्शे जीटी३ काही सेकंदांत चिकटते, मग उजवीकडे व्हायचं, उजवा इंडिकेटर द्यायचा, तिला जाऊ द्यायचं. किती जणांनी आम्हाला मागे टाकलं मोजलं नाही पण त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. आधी कोरडा रस्ता होता, खाली ब्राइटशाइडला गेलो तर ओला. एवढ्या मोठ्या वळशात एकीकडे ऊन आणि दुसरीकडे पाऊस हे इथलं नेहमीचंच.

बेर्गवेर्कच्या अलीकडचा भाग आला तेव्हा त्याने नुसतं बोट दाखवलं. फॉर्म्युला वन ड्रायव्हर निकी लाउडाचा १ ऑगस्ट १९७६ चा अपघात इथला, गाडीने पेट घेतला होता, त्यानंतर फॉर्म्युला वन नॉर्डश्लायफवर परत आलीच नाही. लाउडा मात्र सहा आठवड्यांत मोंझाला रेसमध्ये उतरला. त्याच काळातल्या जॅकी स्टुअर्ट या ड्रायव्हरने १९६८ ला इथेच धुक्यात आणि पावसात चार मिनिटांच्या फरकाने रेस जिंकली आणि या जागेला हिरवा नरक हे नाव त्यानेच दिलं. हे सगळं वाचलेलं होतं, पण पावसाचे थेंब काचेवर असताना तिथून जाणं वेगळं. कारुसेल या वळणाचा काँक्रीटचा वाडगा आला तेव्हा दात वाजत होते, भीतीने नाही, रस्त्यानेच.

लॅप झाला, परत रांगेत लागलो आणि ट्रॅक बंद झाला. कोणीतरी गार्डरेलला धडकलं होतं. माणूस ठीक होता असं कळलं, पण इथे रेल वाकली की दुरुस्तीचं बिल धडकणाऱ्याला येतं, टोइंगचं वेगळं, आणि बऱ्याच इन्शुरन्स पॉलिसीत ही जागा मुळातच वगळलेली असते. तासाभरापेक्षा जास्त वेळ सगळं ठप्प. मला वाटलं आता लोक वैतागणार. पण डिक्या उघडल्या, घडीच्या खुर्च्या बाहेर आल्या, थर्मास आले, बॉनेट उघडली गेली. कोणाचं तरी इंजिन कव्हर सैल होतं तर चार अनोळखी माणसं त्यात वाकलेली. पूर्ण शनिवारात आमची गाडी ट्रॅकवर किती वेळ होती म्हणाल तर अर्धा तासही नसेल, आणि कोणीच त्याची तक्रार करत नव्हतं!

दुपारी ब्र्युन्शन या वळणापाशी गेलो, तिथे कुंपणापलीकडे उभं राहून गाड्या बघता येतात. इथे फोटोवाल्यांची गर्दी. मी मात्र तिथे फार रमलो नाही खरं सांगायचं तर. काही लोक उघड उघड कोणीतरी घसरायची वाट बघत असतात, गाडीची मागची बाजू जरा सुटली की ओरडा होतो, आणि मी सकाळी त्याच वळणावरून शेजारच्या सीटवर बसून गेलेलो.

परत येताना पहिलं वळण दिसतं त्या बाजूला थांबलो. त्याला आता साबीने श्मिट्झचं नाव आहे. आडेनाऊत जन्मलेली, न्यूरबुर्गमध्ये घरच्या हॉटेलात वाढलेली बाई, १९९६ आणि १९९७ ला इथली चोवीस तासांची रेस जिंकली, वर्षानुवर्षं पर्यटकांना शेजारी बसवून बीएमडब्ल्यू एम५ मध्ये फिरवायची. एका ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमासाठी तिने डिझेल डिलिव्हरी व्हॅन दहा मिनिटांच्या जेमतेम वर पळवली होती. २०२१ मध्ये ती गेली. पोर्शे ९१९ इव्हो या रेस कारचा ५ मिनिटं १९.५४६ सेकंदांच्या लॅपचा २०१८ चा विक्रम सगळे सांगतात, पण पार्किंगमध्ये मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्या तोंडी व्हॅनचीच गोष्ट जास्त होती.

शेवटचा स्टॉप ड्योटिंगर ह्योहंचा पेट्रोल पंप. आत खेळण्यातल्या, म्हणजे छोट्या मॉडेल गाड्यांचं इतकं मोठं दुकान आहे की पेट्रोल भरायला आलेली माणसं बाहेर यायचं नाव घेत नाहीत. मित्र तिथे जीटी८६ शोधत होता, स्वतःकडे खरी असताना.

जायचं असेल तर एवढं बघा: ट्रॅक कोणत्या दिवशी किती वाजता उघडा आहे ते आधी त्यांच्या कॅलेंडरवर तपासा, बऱ्याचदा रेस किंवा कंपन्यांच्या टेस्टिंगमुळे बंद असतो. एअरपोर्टवर घेतलेली भाड्याची गाडी घेऊन जाऊ नका, करारात बहुतेक मनाई असते, आसपासच्या गावात खास या कामासाठी तयार केलेल्या गाड्या भाड्याने मिळतात, त्यातही नुकसान झालं तर किती भरावं लागेल ते सही करायच्या आधी वाचा. आणि शेजारी बसणार असाल तर नाश्ता हलका करा.