पद्मिनी अपडेट: डाव्या चाकाचं कोडं सुटलं!

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक पेडल सोडलं तरी सुटत नव्हता. रविवारी दुपारी जॅकवर चढवलेल्या गाडीचं तेच चाक बोटाने ढकललं आणि ते फिरत राहिलं. तीन आठवडे याचीच वाट बघत होतो.

आधी टाकी आणि कार्बोरेटरच्या दुरुस्तीचं रामायण झालं. १०८९ सीसीचं इंजिन आता आयडलिंगला छान ठरतं. पण डिचोलीहून साखळीला पोचेपर्यंत डाव्या चाकातला ब्रेकचा ड्रम असा तापायचा की पाणी शिंपडलं तर चर्र आवाज यायचा. गाडी पाच पावसाळे शेडमध्ये उभी होती. पेडलचा जोर चाकापर्यंत नेणारं ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडची हवा कशी असते ते सांगायला नको. चाकातले ब्रेक शूज ढकलणारा व्हील सिलिंडर उघडला तर पिस्टन गंजाने चिकटलेला. वाटलं, चोर सापडला. नवा सिलिंडर, नवे शूज (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते), त्यांना मागे ओढणाऱ्या नव्या स्प्रिंगा. पहिली फेरी सुरेख झाली, दुसऱ्या फेरीला पुन्हा तोच जळका वास.

मग पेडलजवळच्या, सगळ्या चाकांना दाब पुरवणाऱ्या मास्टर सिलिंडरवर संशय गेला. पण तो पेडल सोडल्यावर दाब धरून ठेवत असता तर चारही चाकं धरली असती. इथेच मी अडकलो होतो.

फोंड्याच्या एका जुन्या मेस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "निपल नंतर. आधी होजच्या वरचा नट सोड, मग चाक फिरवून बघ." (होज म्हणजे लोखंडी पाइप चाकाच्या ब्रेकला जोडणारी रबरी नळी, निपल म्हणजे चाकामागचा फ्लुइड बाहेर काढायचा छोटा स्क्रू.) पेडल दाबून सोडलं, चाक घट्ट. लोखंडी पाइप जिथे होजला मिळतो तो नट ढिला केला, तरी घट्टच. मग ब्लीडिंग निपल जरासा उघडला, फ्लुइडची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं! म्हणजे दाब होजच्या पुढेच कोंडलेला. होज उभा कापला, तर बाहेरून नवाकोरा आणि आत रबर फुगून भोक सुईएवढं राहिलेलं. पायाचा जोर फ्लुइडला त्यातून पुढे रेटतो. परत ढकलायला मात्र शूजच्या स्प्रिंगा पुरत नाहीत. त्यात ड्रम तापला की फ्लुइड प्रसरण पावतं आणि शूज आणखी आवळतात.

होज मुंबईच्या ऑपेरा हाऊस भागातून मागवला. त्याआधी ऑनलाइन घेतलेला वाकवताच तडकला होता. कित्येक वर्षं पडून राहिलेलं रबर 'नवीन' म्हणून विकणं ही ब्रेकच्या बाबतीत साधी फसवणूक नाही, जिवाशी खेळ आहे. ब्रेकचं रबर हातात घेऊन, वाकवून बघूनच घ्या. आणि ब्रेकच्या रबराला पेट्रोल, रॉकेल, ग्रीस लावू नका. तेही असंच फुगवतं.

ठरवलं होतं एकच होज बदलायचा. आता उजवा पुढचा आणि मागचा मधला, दोन्ही काढणार. वय तिघांचंही सारखंच. पाणी न शोषणारं डॉट ५ प्रकारचं ब्रेक फ्लुइड भरावं असंही मनात आलं होतं, पण त्यात पाणी मिसळत नाही, खोलगट जागी साचून तिथेच गंज धरतं. त्यापेक्षा डॉट ३ बरं. कोरडं असताना ते २०५ अंशांच्या वर उकळतं, ओलं झालं की हा आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. म्हणून दर वर्षी चवथीनंतर सगळं फ्लुइड बदलायचं.

हे लिहिता लिहिता आठवलं, मागच्या ॲक्सलवरचा लोखंडी पाइपही गंजाने फोड आलेला आहे. म्हणजे चोर्ला घाटातली फेरी या रविवारी नाही. आधी तो पाइप.