तुम्ही विचारलंत म्हणून: किल्ली जगजाहीर, मग निरोप गुप्त कसा?

‘किल्ली सगळ्यास्नी वाटली, मग कुलूप लावून उपयोग काय ओ?’ सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांना मोबाइल-कॉम्प्युटरचं काही समजावताना हा प्रश्न हमखास येतो. व्हॉट्सॲपसारखा निरोप कुलूपबंद होऊन जातो, यालाच एन्क्रिप्शन म्हणतात; आणि त्याची एक किल्ली सगळ्यांना जाहीर असते, म्हणून हा प्रश्न. प्रश्न अगदी रास्त आहे.

किल्ल्या दोन असतात. जाहीर किल्लीने फक्त कुलूप लागतं. उघडणारी किल्ली तुमच्याच फोनमध्ये राहते, कुठेही पाठवली जात नाही. ही खासगी किल्ली. मग जाहीर किल्लीवरून खासगी काढता येईल की? इथेच खरी गंमत आहे. किल्ली म्हणजे शेवटी आकडेच. 53 गुणिले 61 करा, 3233. अर्ध्या मिनिटाचं काम. आता नुसता 3233 देऊन कुणाला विचारा, कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार? बसेल भागत. गुणाकार जाहीर करायचा, त्या दोन संख्या लपवायच्या. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी 1977 मध्ये याच अडचणीवर आरएसए ही दोन किल्ल्यांची पद्धत उभी केली. आज तिच्यात 617 अंकी संख्या सर्रास वापरतात. तशा प्रकारची जाहीरपणे फोडलेली सर्वांत मोठी संख्या 250 अंकी, 2020 मधली. व्हॉट्सॲपचं गणित वेगळं आहे, पण तत्त्व तेच: जाताना सोपं, उलटं येताना जवळजवळ अशक्य.

म्हणून गणिताची काळजी मी करत नाही. काळजी वेगळीच आहे: ही किल्ली नक्की कुणाची? हैदराबादच्या पार्टीची म्हणून जी किल्ली तुमच्या फोनला मिळते, ती व्हॉट्सॲप कंपनीच्या सर्व्हरकडून येते. ती खरंच त्यांची आहे का, हे तपासायची सोय आहे आणि ती जवळपास कुणीच वापरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. चॅटमध्ये वर नावावर दाबा, ‘एन्क्रिप्शन’ उघडा. 60 आकडे दिसतील, पाच-पाचचे बारा गट. हाच सुरक्षा कोड. समोरच्याला फोन लावून वाचून दाखवा. दोन्हीकडे तेच आकडे, तर मध्ये कुणी नाही.

‘सुरक्षा कोड बदलला’ अशी सूचना आली, तर बहुतेक वेळा समोरच्याने फोन बदललेला असतो किंवा ॲप पुन्हा टाकलेलं असतं. पण त्यापाठोपाठ ‘पैसे आता या नव्या खात्यावर पाठवा’ असा मेसेज आला, की थांबायचं. जुन्या, माहितीच्या नंबरवर साधा कॉल करायचा, आवाज ओळखायचा, मगच आरटीजीएस. आणि कोड बदलल्याची ही सूचना बऱ्याचदा बंदच असते. सेटिंग्जमध्ये जाऊन आजच चालू करून ठेवा.