एक हंगाम पुढे

आमच्या कामात कॅलेंडर उलटं चालतं. बाहेर ऊन रणरणत असतं तेव्हा आम्ही हिवाळ्याच्या ऑर्डरसाठी पाइनचे शंकू मोजत बसलेल्या असतो. लोक स्वेटर काढतात तेव्हा उन्हाळ्यातलं गवत आमच्या माळ्यावर आधीच वाळून तयार असतं. टेबलाच्या मध्यभागी ठेवायची सजावट, म्हणजे सेंटरपीस, आणि तेही पानं, फांद्या, शेंगा, साली, बोंडं यांचंच, हा आमचा व्यवसाय. नऊ वर्षं झाली. मी, माझी नणंद आणि कायमच्या दोघी मदतनीस, एवढीच आमची फर्म. गर्दीच्या दिवसांत आणखी दोघीतिघी येतात.

ठरवून काही सुरू केलं नव्हतं. नणंदेला वाटेत पडलेलं काहीबाही उचलून आणायची लहानपणापासूनची खोड. तिच्या खोलीत पलंगाखाली खोकी, कपाटावर खोकी. एकदा ओळखीच्या बाईंकडे जेवणाचा कार्यक्रम होता आणि फुलवाल्याने ऐनवेळी हात वर केले. नणंदेने एक वाळकी फांदी टेबलावर आडवी ठेवली, तिच्या बेचक्यांत शेंगा आणि बोंडं बसवली, झालं. पाहुण्यांपैकी तिघींनी नंबर मागितला. मी तेव्हा नोकरीत होते, हिशेब मला कळायचा. म्हणून मी आत आले, नाहीतर फांदी कशी धरायची तेही मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्याच ऑर्डरला आमची सजावट जेवण सुरू होताच उचलून कोपऱ्यात जमिनीवर ठेवली गेली. उंच होती, समोरच्याचं तोंड दिसेना. तेव्हापासून एक साधी परीक्षा आहे: खुर्चीत बसायचं, कोपर टेबलावर टेकवायचं, मूठ हनुवटीखाली धरायची. मुठीच्या वर काही जाता कामा नये. साधारण ३० सेंटिमीटर. उंच हवंच असेल तर दांडा बारीक आणि पसारा ६० सेंटिमीटरच्या वर, म्हणजे लोक खालून एकमेकांना बघू शकतात. मधलं काहीही चालत नाही.

आता पाणकणसांची गोष्ट. ती सांगायला मला आवडत नाही, पण आमचा खरा धंदा तिच्यानंतर सुरू झाला.

पाणकणीस म्हणजे दलदलीत उभं राहणारं, तपकिरी मखमली कांडीसारखं कणीस. तिसऱ्या वर्षी चौदा टेबलांची ऑर्डर मिळाली, आमच्या तोवरच्या सगळ्या ऑर्डरींपेक्षा मोठी. आम्ही पाणकणसं उशिरा कापली, कारण उशिरा ती जास्त गडद आणि जाड दिसतात. सकाळी सजावट मांडली, फोटो काढले, घरी आलो. दुपारी हॉलवरून फोन. दिव्यांच्या उष्णतेने आणि कोरड्या हवेने एक कणीस फुटलं होतं. एक फुटलं की शेजारचं फुटतं, कारण कोणीतरी हात लावतंच. एका कणसात लाखाच्या घरात बिया असतात आणि प्रत्येक बीला कापसासारखा तुरा. आम्ही पोचलो तेव्हा टेबलक्लॉथ, ग्लास, एका गृहस्थांचा काळा कोट, सगळ्यावर म्हातारीचे केस. नणंद दारातच थांबली आणि म्हणाली, "वहिनी, हे गोळा करता येणार नाही गं." खरंच नाही येत. झाडूने उडतं, ओल्या फडक्याला चिकटून गोळे होतात. शेवटी आम्ही कणसांवर ओले टॉवेल गुंडाळून ती बाहेर नेली आणि सगळी टेबलं पुन्हा लावली. पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर नणंद दोन दिवस बोलली नाही. मग एक वही काढली. त्या वहीत आजही प्रत्येक वस्तूपुढे ती कधी तोडायची ते लिहिलेलं असतं. पाणकणसाच्या शेंड्याला नर फुलांचा एक बारीक तुरा असतो. तो गळून जायच्या आत, खालची कांडी नुकतीच तपकिरी आणि हाताला घट्ट लागत असताना कापायचं, आणि वाळल्यावर पारदर्शक लॅकरचा फवारा मारायचा. कापणी आठवडाभर लांबली तरी फुटायची धास्ती असते. आम्हाला वाटायचं की आमची कला मांडणीत आहे. मांडणी दीड तासात होते. खरं काम त्याआधी तीन महिने झालेलं असतं, कात्री कुठल्या दिवशी लावली तिथे.

पानांचंही तसंच. सावलीत नुसती वाळवली तर कुरकुरीत होतात आणि हात लागला की चुरा. म्हणून फांद्या ग्लिसरीनमध्ये उभ्या करतो: एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, देठ खालून चार बोटं ठेचलेला. झाड जोमात असताना, पान पुरतं जून झाल्यावरच तोडायचं. कोवळं पान माना टाकतं आणि पिकायला लागलेलं पान पाणी ओढत नाही. दोनतीन आठवड्यांत पान बदामी किंवा काळपट तपकिरी होतं, चामड्यासारखं मऊ राहतं. पानाच्या कडेला घामासारखे थेंब दिसले की लगेच बाहेर काढायचं, नाहीतर ते थेंब टेबलक्लॉथवर डाग पाडतात. फुलं मात्र अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलटी टांगतो. उलटी टांगली की दांडा सरळ राहतो, अंधारात रंग टिकतो. खोली खाली ठेवायला जीव वर-खाली होतो, भाडं तर दर महिन्याला जातंच.

फोमची कथा लहान आहे. फुलं खोचायचा तो हिरवा स्पंज व्हर्नन स्मिदर्स यांनी १९५४ मध्ये आणला आणि जगभरच्या फुलवाल्यांचं आयुष्य सोपं केलं. आमचंही केलं. पण तो प्लास्टिकचाच प्रकार, कुजत नाही, चुरला की बारीक कण होऊन पाण्यात जातो. आमच्या सिंकच्या तळाशी हिरवी पूड साचायची ती रोज दिसत होती. तरी आम्ही सोडला नाही, कारण घाई. मग वाचलं की ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत फोम बंद केला. म्हटलं, एवढे मोठे बगीचेवाले करतात तर आपल्या चार टेबलांचं काय. आता कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगाळून भांड्यात बसवतो, नाहीतर खिळ्यांचा पितळी होल्डर. खाली वाळू. वेळ दीडपट लागतो, आणि तो मी बिलात लावते, लपवत नाही.

एक चूक वहीत लाल शाईने आहे. वाडग्यात रंग म्हणून आम्ही गुंजा पसरल्या होत्या, लाल दाणा, टोकाला काळा ठिपका. दिसायला इतकं देखणं बी दुसरं नसेल. एका ग्राहक बाईंच्या सासूबाईंनी फोन केला. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाल्या, "घरात रांगतं पोर आहे, आणि तुम्ही वाडग्यात विष ठेवून गेलात." गुंजेचं विष फार जहाल असतं. साल अखंड असेल तर ते बहुधा आतच कोंडलेलं राहतं, पण आमच्यातल्या काही दाण्यांना तारेत ओवायला भोक पाडलेलं होतं. त्याच संध्याकाळी नणंद जाऊन एकेक दाणा मोजून घेऊन आली. तेव्हापासून गुंज आमच्याकडे येत नाही, कण्हेरही नाही. वाळलेल्या कण्हेरीतलं विष जात नाही. टेबल जेवणाचं आहे, हे विसरून चालत नाही.

त्याच कारणाने उघड्या मेणबत्तीला आम्ही नाही म्हणतो. वाळलं गवत आणि ज्योत एका ताटलीत ठेवायची नाहीत. काचेच्या चिमणीत ठेवा किंवा बॅटरीचा दिवा घ्या. या अटीवर दोन मोठी गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

शंकूंमुळे मात्र फोन कमी आणि गंमत जास्त. आणल्यावर ते १०० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवतो, समोर उभं राहून. आतले किडे मरतात, खवले उघडतात. पुढे दमट दिवसांत ग्राहकांचे फोन येतात: "तुमचे शंकू मिटले, माल खराब होता." खराब नसतो. खवल्याचे दोन थर ओलाव्याने कमीजास्त फुगतात, म्हणून खवला आत वळतो. हवा कोरडी झाली की परत उघडतो, झाडावरून पडून वर्षं झाली असली तरी. आता खोक्यात छोटी चिठ्ठी घालतो. एका छोट्या मुलीने ती वाचून शंकू बादलीत बुडवला, आईला ओरडायला लावलं, आणि मग दोन दिवस त्याच्यासमोर बसून राहिली म्हणे. तिच्या आईने पुढची ऑर्डर आम्हालाच दिली.

गेल्या वर्षापासून बुडाची भांडी, जाळ्या, फांद्या परत घेतो. परत आलेल्यातलं बरंच पुन्हा लागतं, बाकीचं खतात जातं. यात फायदा फार नाही, खोक्यांची ने-आण आहे. नणंदेला मात्र हेच सगळ्यात आवडतं, तिची खोकी परत तिच्याकडे येतात.

सध्या तिचं लक्ष पाणकणसांवर आहे. ज्यांच्या तळ्यात ती उगवतात त्यांना आधीच विचारून ठेवलंय, अर्धी तिथेच सोडायची या बोलीवर. रोज संध्याकाळी ती जाऊन बघून येते. काल आली तर चप्पल चिखलाने भरलेली, आणि दारातूनच सांगत होती, "वहिनी, तुरा अजून आहे. गुरुवारी कापू."