शाळा सुटताना

शनिवार, रात्री

लेकीच्या पहिलीचा विषय निघाला नाही असा दिवस हल्ली जात नाही. नणंदेनं एक्सेलची शीट पाठवली आहे. त्यात फी आहे, बोर्ड आहे, घरापासूनचं अंतर आहे, बसला एसी आहे का, स्विमिंग पूल आहे का, सगळं आहे. मेहनत घेतली आहे तिनं. पण मला जे हवंय त्याला त्यात रकानाच नाही. शाळेतली माणसं एकमेकांना ओळखतात का? पोरगी पडली, गुडघा फुटला, तर मी पोचेपर्यंत तिला कुणी जवळ घेईल का? एखाद्या दिवशी मी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले तर ‘चल गं आमच्याकडे’ म्हणून तिला हक्कानं घेऊन जाणारं कुणी असेल का? पुण्यात आमचं जवळचं कुणी नाही. आई लातूरला, सासूबाई सांगलीला.

ठरवून दिलेल्या वेळी शाळा बघायला गेलं की सगळीकडे तेच. गुळगुळीत फरशी, स्मार्ट बोर्ड, आषाढीच्या दिंडीचे फोटो, आणि ‘आमची शाळा म्हणजे एक कुटुंब’ असं सांगणाऱ्या मॅडम. म्हणून मी शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर जाऊन उभी राहायला लागले. वॉचमन संशयानं बघतात. बघायलाच हवं.

पण तिथं जे दिसतं ते आत दिसत नाही. एका शाळेतल्या मावशी व्हॅनवाल्या काकांना सांगत होत्या, “अर्णवनं आज डबा उघडलाच नाही, आईला आठवणीनं सांगा. अंग कोमट लागतंय.” काकांनी पोराला मागच्या बाकावरून उठवून पुढं आपल्याशेजारी बसवलं. दुसऱ्या एका चकचकीत शाळेत कार्ड दाखवायचं, मूल ताब्यात घ्यायचं, निघायचं. एकही आई दुसरीशी बोलायला थांबली नाही. शिस्त उत्तम होती, नाव ठेवायला जागा नाही.

मंगळवार

आज सगळ्यांना आवडलेली शाळा बघून आलो. नवऱ्याला आवडली, मलाही आवडली, आणि तेच डोक्यातून जात नाहीये.

इथं आपलेपणा खरंच होता. पालक मिळून दिवाळीचे किल्ले करतात, ट्रेकला जातात, एकमेकांच्या घरी पोरं राहायला जातात. अर्ध्या तासात दोन ओळखी निघाल्या, एक तर नवऱ्याच्या जुन्या कंपनीतली. मग चहा-बिस्किटं आली आणि गप्पा सुरू झाल्या. दोघं काय करता, फ्लॅट स्वतःचा का, घरी कोणती भाषा बोलता. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १३ नं प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावायला बंदी आहे. त्यामुळे चाळणी आता चहाबरोबर येते.

मी विचारलं, पंचवीस टक्क्यांतली मुलं किती? त्याच कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. जुलैत उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. हे सगळं मॅडमना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्या अगदी मायेनं म्हणाल्या, “असतात ना, पण त्या मुलांनाच इथं रुळायला जड जातं हो.”

घरी येताना नवरा म्हणाला, मॅडम वाईट नाहीत. नाहीतच. पण तिथं सगळ्यांचं सगळ्यांशी जमतं, कारण सगळे एकाच सोसायटीत राहत असल्यासारखे आहेत. तशी ऊब आम्हाला रविवारी क्लबहाउसमध्येही मिळते. त्यासाठी लेकीला शाळेत कशाला घालायचं?

फलटणला १९८६ मध्ये मॅक्सिन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन सुरू केलं, तीही खासगीच शाळा, आणि मराठी माध्यमाची. वस्तीतल्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्याच्या कामातून ती उभी राहिली. खासगी शाळा म्हणजे अमुक एका घरातल्याच मुलांची, हा काही निसर्गनियम नाही. पण फलटण आम्हाला रोजचं जमणार नाही.

रविवार

मावशींची ती शाळा. बघायला येऊ का म्हणून फोन केला, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, “शनिवारी पालकसभा आहे, मागं बसून ऐका. बघण्यासारखं फार काही नाही आमच्याकडे.” नाहीच. मैदान म्हणजे अंगण. पहिलीच्या तुकडीत छत्तीस मुलं. तीस मुलांमागं एक शिक्षक हा निकष मी घोकूनच गेले होते, तर बाईंनी मी विचारायच्या आधीच आकडा सांगून टाकला.

सभेत सहलीवरून वाजलं. वॉटर पार्क, माणशी चौदाशे. एक रिक्षावाले बाबा उभे राहिले, “माझी दोन पोरं आहेत शाळेत. अठ्ठावीसशे कुठून आणू? कात्रजचं प्राणिसंग्रहालय काय वाईट आहे?” हिंजवडीच्या आयकार्डवाले एक जण म्हणाले, ज्यांना जमेल त्यांची मुलं जातील. त्यावर दोन आया एकदम उसळल्या. कुणाची तरी आजी मागून म्हणाली, “बुधवारी बंद असतं हो कात्रज.” बाईंनी कुणाला गप्प केलं नाही, स्वतःचं मतही पुढं दामटलं नाही. शेवटी ठरलं काहीच नाही. दोघातिघांवर चौकशीचं काम टाकून सभा उठली.

जिन्यात रिक्षावाले आणि आयकार्डवाले माझ्या पुढंच होते. रिक्षावाले त्याच आवाजात म्हणाले, “सोमवारी माझी रात्रपाळी आहे. मंगळवारी सकाळी पोरांना घेऊन जाल का जाताना?” दुसरा म्हणाला, “साडेसहाला खाली उभी ठेवा, हॉर्न देणार नाही.”

निघताना सूचनाफलक बघितला. २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत इच्छुक पालकांमधून सोडतीनं नावं काढायची आणि यादी फलकावर लावायची असते. इथं ती होती, कोपरे दुमडलेली. मंगळवारच्या शाळेत विचारलं होतं, तर “ते आम्ही बघतो” म्हणाले होते.

इंग्रजीची धाकधूक आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या संडासाचं दार लागत नाही, ते मी बाईंना सांगून आले. नणंद चिडणार, तिची शीट वाया गेली. नवरा तयार झाला आहे, पण त्याची एक अट आहे. सहलीच्या सभांना तो जाणार, मी नाही. मी भांडते म्हणे.