बहिणीची फिटची गोळी बदलली तेव्हाचा माझा अनुभव

माझ्या बहिणीला कॉलेजात असल्यापासून फिट येतात, व्हॅल्प्रोएट चालू होती आणि फिट बऱ्यापैकी आटोक्यात होत्या, म्हणून आई म्हणायली की चांगलं चाललंय तर बदलता कशाला. पण लग्नाचं बघायलो होतो, आणि संभाजीनगरच्या न्यूरोच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, ही गोळी चालू असताना दिवस गेले तर १०० पैकी साधारण १० बाळांत जन्मजात व्यंग राहतं आणि ३०-४० मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी येतात. हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं, लै राग आला मला.

बदल एकदम होत नाही बरं का. आधी ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, त्याच्यासाठी डोकं धुऊन बिनतेलाचं जायचं आणि आदली रात्र जागायचं, परभणीहून पहाटेच्या गाडीत तिला झोपू देऊ नका म्हणले होते, ते लै अवघड गेलं. मग लेव्हेटिरासिटाम ही नवी गोळी हळूहळू वाढवत न्यायची आणि जुनी हळूहळू कमी, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. जुनी गोळी मनानं बंद केली तर फिटवर फिट येऊ शकते, जिवावर बेततं.

खरी मदत झाली तिथल्या सिस्टरची. फिट आली की काय करायचं ते त्यांनी आईला खाली बसवून करून दाखवलं, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात चमचा-पाणी काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. ५ मिनिटांच्या वर गेली तर नाकात फिट थांबवायचा मिडाझोलामचा स्प्रे आणि १०८ ला फोन. फिट कधी आली, किती वेळ, झोप झाली होती का, पाळी होती का, सगळं वहीत लिहा, जमलं तर मोबाईलवर शूटिंग करा, डॉक्टरला त्यातूनच कळतं. नव्या गोळीनं चिडचिड होते हेही त्यांनीच आधी सांगितलं, आणि खरंच बहीण पहिले काही आठवडे भांडायची नुसती, रडायची. उदास राहायली किंवा मरणाचं बोलली तर त्याच दिवशी फोन करा म्हणल्या. तशी वेळ आली नाही, चिडचिड पण कमी झाली.

सोयरीक जमवताना पोराकडच्यांना आम्ही आधीच सगळं सांगितलं. मिरगीमुळं लग्न होत नाही असं अजून लोक म्हणायलेत, पण हिंदू विवाह कायद्यातली ती अट १९९९ लाच काढलीय. आता सासूबाईंनाही स्प्रे मारता येतो, बहिणीनंच शिकवला.