'माहिती नाही'वरची टिक

लीजवर सही करताना मी ते पान वाचलं नव्हतं, हे आधीच कबूल करते. फोनवर लिंक आली होती, वीसेक पानं, जिथे पिवळी खूण तिथे सही, चहा पिता पिता पाच मिनिटांत उरकून टाकलं. त्यातलंच एक पान घराच्या जुन्या रंगातल्या शिशाबद्दल होतं, जे लहान मुलांना घातक असतं.

घर मॅसॅच्युसेट्समधलं, तीन मजली जुनं लाकडी, शंभरेक वर्षांचं असेल. आम्ही मधल्या मजल्यावर. लेक दहा महिन्यांची झाली आणि खिडकीच्या कडेला धरून उभी राहायला लागली, तोंड नेमकं कडेच्या उंचीला येतं त्यामुळे दात शिवशिवले की कडा तोंडात. एक दिवस तिच्या हनुवटीला पांढरा पापुद्रा चिकटलेला दिसला, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. उलटा करून बघितला तर पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली परत पांढरा, थरावर थर. आमच्या खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या, दर वेळी चौकटीला घासतात आणि खालच्या खाचेत पिठासारखी भुकटी साठते. मी ती इतके दिवस बाहेरची धूळ समजून कोरड्या फडक्यानं झटकत होते! (ओल्या फडक्यानं पुसायची असते, झटकली की हवेत उडते आणि मग श्वासात, खेळण्यांवर, हातांवर, सगळीकडे.)

त्या रात्री ते पान शोधून काढलं. मालकानं दोनपैकी एका चौकोनात टिक करायची असते, एक म्हणजे शिशाचा रंग आहे हे मला माहीत आहे, दुसरा म्हणजे मला काही माहिती नाही. टिक दुसऱ्यावर. नवरा म्हणाला, बघ, नाहीये ना. मी म्हटलं अरे 'नाहीये' असं कुठे लिहिलंय, 'माहिती नाही' असं लिहिलंय!

आणि खरी गोम इथेच आहे. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली 1978 मध्ये, त्यामुळे त्याआधीचं कुठलंही घर संशयित. 1992 च्या केंद्रीय कायद्यानुसार लीजवर सही होण्याआधी मालकानं त्याला जे माहीत आहे ते सांगायचं, हातात असतील ते तपासणीचे रिपोर्ट द्यायचे आणि सरकारी माहितीपुस्तिका द्यायची. पण तपासणी करून घ्यायची सक्ती हा कायदा करत नाही. घर विकत घेणाऱ्याला तपासून घ्यायला दहा दिवस मिळतात, भाडेकरूला तेही नाही. म्हणजे ज्यानं कधी तपासलंच नाही त्याची 'माहिती नाही'वरची टिक शंभर टक्के खरी. तपासलं तर कळणार, कळलं तर पुढच्या प्रत्येक भाडेकरूला सांगावं लागणार, मग कोण कशाला तपासतंय? पुस्तिका तर आम्हाला मिळालीच नव्हती, पण मिळाली असं मीच सही करून दिलेलं. आता कोणाला बोलणार.

मालकाला ईमेल केला. उत्तर आलं, आजपर्यंत कुणाची तक्रार नाही. आई फोनवर म्हणाली, अगं भाड्याच्या घरात राहून मालकाशी वाकडं कशाला घेतेस, घर सोडा म्हणाला तर? तेव्हा मलाही तीच धास्ती होती. नंतर कळलं की या राज्याचा कायदा केंद्रापेक्षा कडक आहे, 1978 च्या आधीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर शिशाचा धोका काढणं मालकाचीच जबाबदारी, आणि मूल आहे म्हणून घर नाकारता येत नाही की बाहेरही काढता येत नाही.

लेकीच्या रक्तातल्या शिशाची तपासणी नऊ ते बारा महिन्यांत इथे तशीही करतातच. आकडा आला 3 (मायक्रोग्रॅम, दर डेसिलिटर रक्तात). ज्या आकड्यापासून जास्त धरतात तो 3.5. डॉक्टर म्हणाल्या घाबरू नका, पण याची सुरक्षित अशी पातळी नसतेच, परत तपासू. 'घाबरू नका' ऐकून आजवर कोण घाबरायचं थांबलंय?

मग इन्स्पेक्टर आला. पिस्तुलासारखं मशीन लाकडाला टेकवायचा, आकडा वाचायचा, लिहायचा. भिंती ठीक निघाल्या. खिडक्या सगळ्या पॉझिटिव्ह, आणि जिन्याचा कठडाही, जो तिन्ही मजल्यांचा एकच.

वरच्या मजल्यावरचं जोडपं जानेवारीत आलंय, तिला सातवा महिना आहे. त्यांच्याही लीजवर टिक त्याच चौकोनात, मी विचारलं तर तिला असं काही पान होतं हेच आठवेना. रिपोर्टची एक प्रत काढून तिला देऊन आले, कठड्याच्या ओळीवर पिवळा हायलायटर मारून.